दीन्हला, दिल्हा, दिला

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघरी जर कोणते क्रियापद सर्वांत अधिक राबत असेल, तर ते 'देणे' हे होय. शेजारी फराळाचे ताट दिले, बहिणीला ओवाळणी दिली, गड्याला नवे धोतर दिले, जावयाला काय दिले आणि काय द्यावयाचे राहिले, याच गोष्टी ओसरीपासून माजघरापर्यंत चाललेल्या असतात. देण्याचा हिशेब कितीही बारकाईने होत असला, तरी 'दिला' या शब्दाकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. हातातले नाणे खरे की खोटे एवढेच आपण पाहतो. त्यावर कोणत्या राजाचा छाप आहे हे वाचण्याची तसदी कोण घेतो? आज त्या छापाविषयी चार शब्द सांगावे, असा विचार आहे. मी भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपलीकडे न गेलेला, कथा-कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे. परंतु हा इतिहास आमच्या खानदेशातल्या दगडावर कोरलेला आहे, आणि तो समजण्यास पदवी लागत नाही.

आधी एक साधी गंमत पाहा. 'नेणे' याचे 'नेला' होते. त्याच चालीने 'देणे' याचे 'देला' व्हावयास हवे, 'घेणे' याचे 'घेला' आणि 'येणे' याचे 'येला'. पण आपण म्हणतो दिला, घेतला, आला. नुकती बोलू लागलेली लेकरे 'बाबानं देलं', 'मी करलं', 'चिमणी मरली' असे बिनदिक्कत बोलतात, आणि घरातली मोठी माणसे हसतात. वस्तुतः लेकरू नियमाने बोलत असते. नियम मोडतो तो आपण. व्याकरणाच्या पुस्तकात अशा रूपांना 'अनियमित' म्हणतात. हा शब्द मोठा फसवा आहे. ज्याला आज आपण अनियमित म्हणतो, ते बहुधा कोण्या जुन्या, मोडून पडलेल्या नियमाचे उरलेले जोते असते. वाडा गेला, जोते राहिले.

अशी जोती सापडतात ती नेहमीच्या वापरातल्या क्रियापदांतच. याचे कारण उघड आहे. जो शब्द वर्षातून एकदा तोंडात येतो, त्याचे जुने वेडेवाकडे रूप कोणाच्या लक्षात राहत नाही. लोक त्याला सरळ नियमात बसवून मोकळे होतात. पण देणे, घेणे, करणे, जाणे, येणे, मरणे यांच्यावाचून माणसाचा घटकाभरही निभाव लागत नाही. त्यांची रूपे मूल नियमाने शिकत नाही, कानाने शिकते. आईच्या तोंडचे जसेच्या तसे उचलते. त्यामुळे ती शतकानुशतके टिकून राहतात.

इंग्रजीचे पाहा. 'गो, वेन्ट, गॉन' आणि 'गिव्ह, गेव्ह, गिव्हन' हे पाढे आपण सर्वांनीच घोकले आहेत. त्यांतील तिसरे रूप म्हणजे त्यांचे भूतकालवाचक धातुसाधित. 'गेट' याचे तिसरे रूप आपल्याकडे 'गॉट' असेच शिकवतात. पण सतराव्या शतकातील इंग्रज 'गॉटन' म्हणत असे. 'हेल्प'चे तिसरे रूप 'हेल्प्ड' यासोबतच 'होल्पन' असेही चालत असे. १६११ साली राजे जेम्स यांच्या आश्रयाने जे बायबल छापले गेले, त्यात ही दोन्ही जुनी रूपे आहेत. पुढे 'होल्पन' पार बुडाले. 'गॉटन' इंग्लंडात मागे पडले. पण तत्पूर्वीच ते गलबतात बसून अमेरिकेला गेलेले असल्यामुळे तिकडे आजही ते रोजच्या बोलण्यात आहे. इंग्लंडच्या माणसाला ते अमेरिकेची नवी टूम वाटते. वास्तविक ते त्याच्याच पणज्याचे पागोटे! आणि ज्या 'फर्गॉटन' शब्दाचा तो दिवसातून दहादा उच्चार करतो, त्याच्या पोटात तेच 'गॉटन' बसलेले आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

आमच्या धरणगावचा या जुन्या इंग्रजीशी थोडा संबंध आला होता. कापडाच्या व्यापारासाठी इंग्रजांनी येथे १६७४ च्या सुमारास वखार घातली, आणि लवकरच शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. त्या वखारीतला कारकून विलायतेस पत्र लिहिताना 'गॉटन' लिहीत असेल, तर त्यात नवल नाही. त्या काळी ते शिष्टसंमतच होते. पण वखारीच्या दाराशी कापडाचे गठ्ठे घेऊन बसलेला आमचा विणकर 'दिला' याऐवजी काय म्हणत असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी धरणगावाहून दक्षिणेस, चाळीसगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी जावे लागते.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेखाली पाटणे म्हणून गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला खानदेशातील हजारो कुटुंबे जातात. डोंगरातून उतरणारी नदी, दाट झाडी आणि जवळच पितळखोऱ्याची प्राचीन लेणी यांमुळे स्थळ मोठे रम्य आहे. यादवांच्या काळी येथे भरभराटीचे पेठेचे गाव होते आणि निकुंभ वंशातील मांडलिक राजे या भागावर राज्य करीत होते. येथील देवीच्या देवळातील एक शिलालेख मुंबईचे विख्यात विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासून १८६५ साली जगापुढे मांडला. नंतर १८९२ साली कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तो पुन्हा संपादून प्रसिद्ध केला. लेखात शके ११२८ आणि प्रभव संवत्सर दिले आहे. इसवी सनाच्या हिशेबाने ते १२०७ धरतात. दिवस श्रावणी पौर्णिमेचा, वेळ चंद्रग्रहणाची.

हा लेख गणितज्ञांना प्रिय आहे, कारण त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. 'लीलावती' आणि 'सिद्धांतशिरोमणी' लिहिणारे ते हेच भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी बोलावून नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या नातवाने पाटण येथे मठ स्थापन केला. आजच्या भाषेत सांगावयाचे तर गणिताचे महाविद्यालय. सोइदेव या निकुंभ राजाने ग्रहणाच्या पर्वकाळी हातावर उदक सोडून त्या मठाला दान केले. एवढा सगळा मजकूर संस्कृतात, श्लोकबद्ध आणि अलंकारयुक्त आहे.

परंतु लेखाच्या शेवटी भाषा एकदम बदलते आणि मराठी सुरू होते. वंशाची थोरवी संस्कृतात गाऊन भागते. पण मठाला रोजचे उत्पन्न कोठून यावयाचे, हे ज्यांनी द्यावयाचे त्यांना कळले पाहिजे ना! बाजारात माल विकावयास येणारा व्यापारी, घाणा चालवणारा तेली आणि धान्य मोजणारा मापारी यांना श्लोकांचे काय होय? म्हणून तेवढा व्यवहार त्यांच्या बोलीत कोरला गेला. पेठेत जो माल विकेल त्यावरील राजाचा वाटा मठाला. ब्राह्मणांना विकणाऱ्याकडून जे मिळे, तेही मठाला. नगराने नाण्यामागे एक विसोवा दिला. गिऱ्हाइकाने पाच सुपाऱ्या द्याव्यात. जितके घाणे चालतील त्यांनी घाण्यामागे पळीभर तेल द्यावे. येथे जे मोजावयाचे ते मठाच्याच मापाने मोजावे, आणि मापाईचा निम्मा भाग मठाला व निम्मा मापाऱ्याला. पळीपळीने आणि सुपारीसुपारीने एका गावाने गणिताची शाळा चालवावयाची ठरवली, त्याचा हा कागद. कागद कसला, दगडच!

या मराठी ओळींत आपले 'दिला' आहे. पण ते 'दिला' असे नाही. तेथे कोरले आहे 'दीन्हला'. आणि एकदा नव्हे. जो वाटा, तो 'दीन्हला'. जे उत्पन्न, ते 'दीन्हलें'. जी तेलाची लोटी, ती 'दीन्हली'. तिन्ही लिंगे हजर! व्याकरण शिकवणाऱ्या मास्तराने तक्ता मांडावा तसा हा आठशे वर्षांमागचा तक्ता दगडावर मांडून ठेवलेला आहे.

हे 'दीन्हला' आले कोठून? संस्कृतात 'दा' म्हणजे देणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित 'दत्त', म्हणजे दिलेला. आपण ज्या दत्तात्रेयाची आरती करतो त्याच्या नावाचा अर्थच 'दिलेला' असा आहे. अत्रिऋषींना दिलेला पुत्र तो दत्त. दत्तक मुलगा म्हणजेही दिलेला मुलगा. प्राकृतात याच अर्थी 'दिण्ण' असे रूप लोकांच्या तोंडी होते. प्राकृत बोली जसजशा झिजू लागल्या, तसतसे या रूपांना बळकटी आणण्यासाठी मागे 'इल्ल' किंवा 'अल्ल' असा प्रत्यय लावण्याची प्रथा पडली. मोडकळीस आलेल्या भिंतीला टेकू द्यावा, तसा हा लकाराचा टेकू. पुढे तोच टेकू मराठीचा मुख्य खांब झाला. गेला, आला, केला, मेला, बसला, उठला: आपल्या भूतकाळाचे सारे छप्पर या 'ल'वर उभे आहे. हिंदीने तो घेतला नाही. ते गया, आया, किया म्हणतात. बंगाली, उडिया आणि भोजपुरी यांनी मात्र आपल्याप्रमाणेच तो घेतला. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी जी प्रसिद्ध जुनी मराठी अक्षरे आहेत, त्यांतले क्रियापदही 'करवियलें' असे लकारान्त धातुसाधितच आहे.

आता 'दीन्हला' याचा पुढील प्रवास पाहावा. ज्ञानेश्वरीच्या काळी, म्हणजे १२९० च्या सुमारास, 'दिधला' हे त्याचे भावंड ग्रंथांत रुळलेले दिसते. गुजरातीतील 'दीधुं' हे त्याच्याच जवळचे. कवींनी 'दिधले' हे रूप छंदाच्या सोयीसाठी अगदी अलीकडेपर्यंत जपले. दप्तराची वाट मात्र वेगळी. शिवकालातील आणि पेशवाईतील मोडी कागद उलगडा. इनामाच्या सनदांतून 'दिल्हे', 'दिल्हा', 'दिल्ही' अशी रूपे पानोपानी भेटतात. दीन्हला यातला 'न' लकारात विरघळून गेला, पण 'ह' काही लवकर जाईना. तो 'दिल्हा'मध्ये बसून राहिला. पुढे छापखाने आले, शाळाखात्याची क्रमिक पुस्तके आली, आणि तो 'ह'ही गेला. उरला 'दिला'. म्हाताऱ्या माणसाची काठी तेवढी कोपऱ्यात राहावी आणि मग एके दिवशी तीही कोणी उचलून न्यावी, तसे झाले.

या धातुसाधिताने आपल्या वाक्यरचनेवरही एक ठसा ठेवला आहे. पाटणच्या लेखात 'नगरें दीन्हला' असे शब्द आहेत. म्हणजे नगराने दिलेला. यात नगर हा कर्ता तृतीयेत गेला आणि क्रियापद वाट्याच्या लिंगाप्रमाणे चालले. आजही आपण तसेच बोलतो. रामाने साडी दिली, सीतेनेही साडी दिली; रामाने आंबा दिला, सीतेनेही आंबा दिला. देणारा पुरुष की स्त्री, याची क्रियापदाला फिकीर नाही. त्याचे सारे लक्ष दिलेल्या वस्तूकडे. 'दिला' हे मुळात 'दिलेला' असे विशेषण असल्याचा हा परिणाम. इंग्रजी आठवीतल्या मुलाला कर्मणि प्रयोग शिकवताना नाकी नऊ येतात. परंतु ते मूल घरी आईशी बोलताना तोच प्रयोग चुकल्याविना करीत असते.

आता विणकराच्या प्रश्नाकडे वळू. वखारीच्या दाराशी बसलेला तो माणूस काय म्हणत असेल? त्याचे शब्द कोणी लिहून ठेवलेले नाहीत. पण त्याच मुलखातली माणसे आज काय म्हणतात, हे आम्ही रोज ऐकतो. अहिराणीत म्हणतात, 'मायनी माले भाकर दिन्ही', 'बापनी पैसा दिन्हा', 'गायनी दूध दिन्हं'. दिन्हा, दिन्ही, दिन्हं! पाटणच्या दगडावरील तक्ता आणि हा तक्ता शेजारी शेजारी ठेवून पाहा. लकाराचा टेकू तेवढा नाही. बाकी भिंत तीच. पुस्तकी मराठीने 'ल' ठेवला आणि 'न्ह' टाकला. अहिराणीने 'न्ह' ठेवला आणि 'ल' घेतला नाही. ती 'गेला' याला 'गया' म्हणते, 'आला' याला 'उना' म्हणते. तुलसीदासांच्या अवधीतील 'दीन्ह' हाही याच घराण्यातला. एका आजोबांच्या दोन नातवांपैकी एकाकडे पागोटे गेले, दुसऱ्याकडे कडे; यात खरा वारस कोण, असे विचारणेच चुकीचे आहे. दोघेही वारस.

पण व्यवहारात तसे मानले जात नाही, आणि येथेच माझ्यासारख्या मास्तराचे दुखणे आहे. खानदेशातल्या कोणत्याही शाळेत जा. नवीन आलेले मूल उभे राहून 'गुरुजी, माले मायनी दिन्हं' असे म्हणाले की मागच्या बाकांवर खसखस पिकते. वहीत लाल शाईची रेघ पडते आणि शेजारी शेरा येतो: 'अशुद्ध'. मूल हुशार असते. एका आठवड्यात ते 'दिलं' म्हणावयास शिकते. पण त्याबरोबर आणखी एक धडा शिकते, जो कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेला नाही. तो असा की, आपली आई अशुद्ध बोलते. मग पालकसभेला आई आली की ते तिला गप्प बसावयास खुणावते. शहरात नोकरीला लागलेला मुलगा गावाकडून फोन आला की उठून बाहेर जातो. त्याच्या मुलांना आजीचे बोलणे समजत नाही. आणि दिवाळीला सारे एकत्र जमले तरी आजी नातवंडांशी तोडके 'पुस्तकी' बोलू पाहते, नाहीतर मुकाट्याने लाडू वळीत बसते.

परीक्षेच्या पेपरात 'दिले' असेच लिहिले पाहिजे, याविषयी माझा मुळीच वाद नाही. सर्व महाराष्ट्राला एकमेकांचे लिहिलेले समजावे म्हणून एक ठरलेली भाषा हवीच. माप सर्वांचे एक असावे, हे पाटणच्या मठालाही कळत होते. आमच्या धरणगावी १८९० साली जन्मलेल्या बालकवी ठोमरे यांनीही आपली कविता त्याच ठरलेल्या मराठीत लिहिली. पण 'हे आपल्या लिहिण्याच्या भाषेत बसत नाही' असे सांगणे निराळे, आणि 'हे अशुद्ध आहे' असे सांगणे निराळे. पहिल्याने मुलाला एक नवी भाषा मिळते. दुसऱ्याने मिळते तेवढीच, पण घरची हिरावली जाते. बोलीत काय सामर्थ्य असते, हे आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी दाखवून दिलेच आहे. त्यांची गाणी १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. त्यांची बोली लेवा गणांची, अहिराणीहून निराळी, पण तीही खानदेशच्याच मातीतली. गाण्यातली बोली आपल्याला गोड लागते. वर्गात उभ्या राहिलेल्या मुलाच्या तोंडची मात्र चालत नाही, असे का व्हावे?

पंडितांनीही या बोलीला कोठे बसवावे याचा पुष्कळ खल केला. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीत १९०७ साली खानदेशीला भिल्ली बोलींच्या शेजारी जागा मिळाली. इतरांनी तिला मराठीची बोली म्हटले. कोणाला तीत गुजराती अधिक दिसली. हा वाद विद्वानांचा आहे, तो त्यांनी खुशाल करावा. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनीच पेढे वाटले. अभिजातपणाचे पुरावे शिलालेखांत शोधतात, आणि ते योग्यच आहे. पण शिलालेखातला 'न्ह' दगडावर दिसला की तो ठेवा, आणि तोच 'न्ह' चुलीपुढे बसलेल्या बाईच्या तोंडून आला की गावंढळ, हा न्याय मला कळत नाही. दगडावरचे अक्षर वाऱ्यापावसाने पुसले तरी त्याची छापील प्रत ग्रंथालयात सुरक्षित आहे. चुलीपुढच्या बाईचे तसे नाही. तिचे बोलणे तिच्या नातवंडांनी उचलले तरच पुढे जाणार.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, मास्तर लोकांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही. मूल 'दिन्हं' म्हणाले की रेघ मारू नये. फळ्यावर तीन शब्द लिहावेत: दीन्हला, दिल्हा, दिला. पहिला शब्द पाटणच्या दगडावरचा, दुसरा पेशव्यांच्या दप्तरातला, तिसरा तुमच्या पुस्तकातला, असे सांगावे. मग शेजारी चौथा शब्द 'दिन्हा' लिहून हा कोणाचा, असे मुलांनाच विचारावे. ज्या मुलाला हसले होते, त्याचाच हात सर्वांत आधी वर होतो, असा माझा अनुभव आहे. 'मन्ही मायना,' असे ते सांगते. मन्ही मायना, म्हणजे माझ्या आईचा.